बादलीतला बहर

१२ मे

चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तक्रार ऐकायला बसलंय कोण! स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच.

बातमी म्हणजे, नाशपातीला यंदा फळं धरली. हो, आपल्या त्याच जुन्या झाडाला! तू फोटोग्राफरशी लग्न करून गेलीस, त्याच आठवड्यात यांनी तुझं झाड तोडलं. मामाकडून कळलं असेलच. मामाने तुला दिलेलं, वेगळ्या जातीचं. "आपल्या झाडाला परक्याची गरज नाही," म्हणाले, आणि त्या जागी जुन्या झाडाचंच कलम लावलं. तेव्हापासून दोन्ही झाडं पांढरीशुभ्र फुलायची आणि फळाच्या नावाने शून्य. यांनी खतं घातली, मधमाश्यांना शिव्या घातल्या. पण कुणाला विचारतील तर शपथ!

शेवटी मार्चात मीच रोपवाटिकेवाल्याला बोलावलं. तो हसलाच. "काका, कलम म्हणजे तेच झाड की हो! नाशपातीचं फूल स्वतःचा पराग ओळखतं, आत रुजूच देत नाही. घरातल्या घरात सोयरीक त्याला चालत नाही. परक्या जातीचाच पराग हवा." नवं रोप मोठं होईपर्यंत दुसऱ्या झाडाच्या फुललेल्या फांद्या बादलीत घालून इथे टांगा, म्हणाला. बाकीचं मधमाश्या बघतील.

 दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन फांद्या घेऊन आले. धाप लागत होती, तरी शिडीवर चढले. मी खालून ओरडतेय, पण ऐकतील तर ते हे कसले! बादली टांगून खाली बसले आणि म्हणाले, "जावईबापूंना आवडते का गं नाशपाती?"

जावईबापू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडूच फुटलं.  आवडते की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं?

चिमणे, आता लिहितेच. फुलं गळायच्या आत हे गेले. झोपेतच. मी फोन हातात घेतला होता गं. पण तू "येणार नाही" म्हणाली असतीस, तर मला सोसलं नसतं. म्हणून नाही कळवलं, मामालाही कळवू दिलं नाही. भांड माझ्याशी, हवं तेवढं भांड, पण इथे येऊन भांड.

फळं अजून बोटाच्या पेराएवढीच आहेत. बादलीही तशीच वर आहे. शिडीकडे माझ्याने बघवत नाही. पिकतील तेव्हा दोघं या. आणि जावईबापूंना नाशपाती आवडते की नाही, तेवढं आधी कळव. यांना सांगायचं राहिलंय.

तुझी,
आई