तू घरात हिंदी बोलू लागलीस

आई,

मी रुआबांध्याच्या पाळणाघरात मुलं सांभाळते. आज तिथे एक तेलुगू बाई आली होती. तिची चार वर्षांची मुलगी महिनाभरापासून आमच्याकडे येते, खेळते, जेवते, पण अजून एक शब्द बोललेली नाही. बाईने घाबरत विचारलं, "मॅडम, घर में भी हिंदी ही बोलूं क्या?"

आणि मला बाबांच्या कारखान्याचं आपलं क्वार्टर आठवलं. भंडाऱ्याकडून या हिंदी मुलखात येऊन थोडेच दिवस झाले होते. बालवाडीत मी अशीच गप्प. शू लागली हेही सांगता येईना, ओल्या चड्डीने घरी यायचे. शिकवणाऱ्या बहनजींनी तुला बोलावून सांगितलं, घरी मराठी बंद करा. तू बाबांना म्हणालीस, "पोरगी मुकी राहून जाईन ना. मले येत नाही त का झालं, बोलतो मी हिंदी." तोवर पोळ्या लाटताना तू तळ्यातल्या मगरीची, फजिती झालेल्या जावयाची गोष्ट सांगायचीस आणि मध्येच स्वतःच हसत सुटायचीस. हिंदीत तुला गोष्ट सांगता येत नव्हती. "हाथ धो", "खाना खा", "सो जा", एवढंच उरलं. पावसाळा संपायच्या आत मी भराभर हिंदी बोलू लागले. शेजारणींना तू ते कौतुकाने सांगायचीस. पण तू मराठीत परत आली नाहीस. गोष्ट मागितली की म्हणायचीस, "अब तू सुना."

तुझ्या शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, तापाच्या ग्लानीत तू पुन्हा घडाघडा बोलत होतीस, कधीच गेलेल्या तुझ्या आईशी, गावच्या बोलीत. मी उशाशी बसले होते आणि निम्मं मला कळत नव्हतं. "कावून रडून राहिली वं?" एवढं कळलं. मला विचारलंस की तिला, ते नाही कळलं.

त्या बाईला मी म्हटलं, "नहीं. घर में तेलुगू ही बोलिए, खूब बोलिए. हिंदी तो यहां हमसे सीख लेगी." तिने तिथेच मुलीला उचललं आणि कानात काहीतरी लांबलचक सांगितलं. मुलगी खुदकन हसली, उलट काही बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग मागच्या खोलीत जाऊन उगाच चादरींच्या घड्या घालत राहिले.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि खरं सांगू, आई, हे सगळं मनात आलं ते हिंदीतच. मराठीत मी ते नंतर आणलं, एकेक शब्द आठवून.