भरवशाचं रिव्हॉल्व्हर कोणतं

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी विणलेले पायमोजे मी रोज घालतो (म्हणजे एकच घालतो, दुसरा सापडत नाही). इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. 'दोघंही' हे मुद्दाम लिहितोय, कारण मंगळवारी त्यातलं एक कमी होता होता राहिलं.

त्याचं असं झालं. परवान्याच्या कचेरीतून कळवलं की यापुढे एकच रिव्हॉल्व्हर ठेवा, दुसरं जमा करा. आता तू रीतसर नावावर करून माझ्या गळ्यात घातलेलं जुनं ठेवावं, की चोऱ्या वाढल्या म्हणून मी हौसेने घेतलेलं नवं? जन्मभर दुकानांतले वजनकाटे तपासलेला माणूस असल्या गोष्टी मनाला विचारून ठरवत नाही. दोन्ही घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेलो. नव्याचा घोडा अगदी हलका. तुझ्याचा ओढताना आपले नाना आठवतात (तेही दहादा सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत). पण उडायला दोन्ही पक्की, एकदाही दगा नाही. तिथले उस्ताद मात्र म्हणाले, "काका, हत्यारं झकास आहेत. चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" मला असा राग आला! विचारतोय काय आणि हा बोलतोय काय! घरी येऊन हिच्यापाशी तासभर धुसफुसलो.

मंगळवारी ही बहिणीकडे गेली होती, यायची होती संध्याकाळी. दुपारी माझा डोळा लागला आणि मागच्या दाराची कडी वाजली. चष्मा कुठे ठेवला होता देव जाणे. हाताला लागलं ते तुझं रिव्हॉल्व्हर. दारात कोणीतरी, बगलेत गाठोडं. झालं! मी सगळा जोर लावून घोडा ओढला. नुसतं खट्.

"अहो, मी आहे," ही म्हणाली. "आधी चष्मा शोधा."

बहिणीशी भांडून, इस्त्रीचे कपडे घेऊन लवकर परतली होती. गाठोडं ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला गेली. दादा, मी पलंगावर बसून ढसाढसा रडलो. ते हत्यार उघडून बघायचाही धीर झाला नाही, तसंच कपाटात कोंबलं.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. कचेरीतल्या टेबलावर सगळे काटे बरोबर निघायचे, गडबड व्हायची ती दुकानात, काट्यावर दुकानदाराचा अंगठा आला की. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आणि मैदानावर मी नळी तपासली, घोडा तपासला, तो धरणारा तपासायचा राहिला. असो. तुझंच ठेवायचं ठरवलंय. नेमक्या वेळी अडून बसलं, तेच भरवशाचं.

तुझा धाकटा

ता. क. वरचं ठरवणं खोडून टाक. रविवारी ये आणि दोन्ही जमा करायला माझ्याबरोबर चल. पिशवी तू धर. नव्या चष्म्याचं मी बघतो.

आणखी एक ता. क. हिने आत्ता पत्र वाचलं आणि हसत सुटली. उस्तादांचं ते चष्म्याचं बोलणं मी सांगितलं, त्याच दिवशी हिने दोन्हींतली काडतुसं काढून ट्रंकेत कुलूपबंद केली होती. म्हणजे तुझ्या रिव्हॉल्व्हरने दगा दिलाच नव्हता. दोन्ही अगदी पूर्ण भरवशाची आहेत. तेव्हा रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच ये.