माणसाचा मार्कर निगेटिव्ह

अब्बा, मदिनेच्या हॉटेलात पाहुणे आजारी पडले तेव्हा पाणी कुणीच तपासलं नव्हतं. कुक तुम्ही, तुमचेच हात घाणेरडे, एवढं म्हणून तुम्हाला घरी पाठवलं. रत्नागिरीच्या घरात तुम्ही मला कालवण वाढताय आणि मी, एवढीशी, म्हणतेय, "नको, अम्मीच्या हातचं." तुम्ही डाव खाली ठेवता. रागावत नाही. पुढे मासे रोज तुम्हीच आणायचात, पण शिजवायला कधी उभे राहिला नाहीत, आणि मी कॉलेजात जायच्या आधीच कायमचे गेलात.

आता मी जेद्दाच्या एका लॅबमध्ये आहे. पाण्यात शी नक्की कुणाची मिसळलीय ते शोधायचं, हे माझं काम. हसू नका. साधी टेस्ट सांगते की घाण आहे, कुणाची ते सांगत नाही. पण माणसाच्या आतड्यातले बॅक्टेरिया वेगळे, मेंढीच्या वेगळे. त्यांच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा असतो, मार्कर म्हणतात, तो सापडला की कळतं.

गेल्या महिन्यात ताइफला गुलाबाच्या मळ्यावर कामगारांना जुलाब लागले. मेसचे कुक महाडकडचे एक चाचा. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हाथ का मामला है, लिख दो, खलास. वैसे भी इसका इकामा रिन्यू नहीं करना, वापस इंडिया भेजना है, सऊदी लड़के रखने हैं." पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं, आत प्लास्टिकचा मग तरंगतोय. मी काय केलं असेल? म्हटलं, "चाचा, हात दाखवा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "बघ बाय, नीट बघ. बापाचे पण असेच तपासतेस काय गं?"

नुसता टोमणा होता. त्यांना काय माहीत.

लॅबमध्ये येऊन मी 'हाताळणीतून दूषित' असं टाइप करायलाच बसले. शेजारी सौदी मुलगी असते, तिला मी काम शिकवतेय; ती शिकली की माझी खुर्ची तिची. तिने विचारलं, "माणसाचा मार्कर बघितलास?"

"दिसतंय ना सगळं."

"दिसतंय? मग मला हे मशीन कशाला शिकवतेस?"

लाजेखातर टाकीचं पाणी मशीनला लावलं. स्क्रीनवर माणसाच्या मार्करची रेघ शेवटपर्यंत सपाट, म्हणजे तो नाहीच. शेळ्यामेंढ्यांची मात्र सरसर वर गेली. विहिरीच्या वरच्या अंगाला मेंढ्यांचा वाडा आहे, पावसात तिथलं सगळं विहिरीत उतरलं, आणि त्याच पाण्याने टाकी भरलेली. चाचांचा इकामा रिन्यू होईल की नाही, देव जाणे. पण त्यांचे हात सुटले.

मला इतका आनंद झाला, अब्बा, की वाटलं, आत्ताच्या आत्ता तुम्हाला कळवावं, तुम्हीही सुटलात म्हणून. लिहायला बसले आणि अडले. तुमच्या त्या किचनचं पाणी कुठेय? कुणी बाटलीभरही ठेवलं नाही. तुमची रेघ सपाट राहिली असती की वर गेली असती, मला कधीच कळणार नाही.

आणि खरं सांगू? ती बाटली मिळाली असती, तर तुम्हाला एक अक्षर लिहायच्या आधी मी ती मशीनला लावली असती.