तुळशीला कोयनेल

चैत्र वद्य प्रतिपदा, शके १८०८. सकाळी.

आजपासून रोजनिशी. आमचा हरिहर ठाण्याच्या कचेरीत कारकून आहे, तो रोजचं रोज टिपून ठेवतो. मग त्याच्या आईनं का ठेवू नये. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. नातीचं नाव उत्तरा, वय दहा, मुलींच्या शाळेत चौथीला. तिला दोन नियम घातले. एक, सांगेन ते सगळं लिहायचं. दोन, लिहिलेलं वाचायचं नाही. ही वही माझ्याखेरीज कुणी वाचायची नाही, आणि मला वाचता येत नाही. गुपित ठेवायला ह्याहून भक्कम जागा अख्ख्या ठाण्यात नसेल.

संकल्प: अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा. तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडांत गुडघे बुडवायचे. शेजारची रखमाबाई तीनदा जाऊन आली. तेव्हापासून जिना चढते आणि वर जाऊन मला हाक मारते. काम काही नसतं. चढले, एवढंच दाखवायचं असतं.

चैत्र वद्य द्वितीया. दुपारी.

जरा कणकण. हरिहर नेमका आजच लवकर आला. म्हणाला, आई, तुला हीव भरलंय. मी म्हटलं, वारा सुटलाय. म्हणाला, पान हलत नाहीये.

डाक्तर आला. म्हणाला, एकांतरा ताप आहे, एक दिवस आड येतो. मी म्हटलं, महिनाभर येतोय, मला ठाऊक आहे तो कधी येतो ते. हे बोलायला नको होतं. तापावर कोयनेलाच्या पुड्या देऊन गेला. रोज सकाळी एक, पाण्यातून. एक चाटून पाहिली. मग गुळाचा डबा घेऊन बसले, तो सुनेनं अर्धा झाल्यावर हातून काढून घेतला.

चैत्र वद्य तृतीया. संध्याकाळी.

आज ताप नाही. तब्येत खणखणीत. ओट्यावर बसून रखमाबाईला सांगितलं की त्रयोदशीला आमची गाडी निघते, बाळकुमाला तरीत बसून खाडी ओलांडायची, पलीकडे कशेळी, मग भिवंडी, मग थेट देवी. ती म्हणाली, हरिहर सोडतोय का तुम्हाला. मी म्हटलं, आई कोण आहे, तो की मी.

मग आत येऊन हरिहरला विचारलं.

त्याची अट: द्वादशीपर्यंत एकदाही ताप आला नाही तर गाडी. आला तर नाही. म्हणाला, वाटेत तू काकडायला लागलीस तर मी तुला कुठे ठेवू. मी म्हटलं, कुंडात ठेव, पाणी ऊन असतं. हसला, पण अट तीच.

खाडीपलीकडे माझं पाऊल पडलं त्याला एकवीस वर्षं झाली. हे लिही, पण बारीक अक्षरात.

चैत्र वद्य चतुर्थी. भर दुपारी, अंगणात.

ताप आलेला नाही. अंगणात कुरडया वाळत घातल्यात. कावळे फार, तेव्हा राखणीला मीच बसले. अंगावर गोधडी आहे, कारण वैशाखाच्या तोंडावर गोधड्यांना ऊन दाखवायचं असतं. तीन आहेत. तिन्हींना एकदमच दाखवतेय.

उत्तरा म्हणते, आजी, तुझे दात वाजतायत, शब्द नीट कळत नाही. मी म्हटलं, कळेल तसा लिही, शाळेत काय शिकवतात मग.

हरिहर दिवेलागणीला येतो. तोवर सगळं निवळतं. ताप शहाणा आहे, कचेरीची वेळ पाळतो.

चैत्र वद्य पंचमी. सकाळी.

कोयनेलाचं ठरवून टाकलं. कडू आहे म्हणून नव्हे. कडू मी पुष्कळ गिळलंय, सासूबाईंजवळ सतरा वर्षं राहिले. पण दवाखान्यातली पुडी, कुणाच्या हातची कोण जाणे, सोवळ्याला चालत नाही. हरिहर वाटीत पाणी घालून देतो. मी म्हणते, देवाला नमस्कार करून घेते. अंगणात जाते, नमस्कार करते, वाटी तुळशीला. औषध वाया जात नाही आणि देवाचंही होतं.

चैत्र वद्य षष्ठी. दुपारी.

ताप नाही. पापड घातले. परवाच्या कुरडया राखायच्या होत्या, त्यांत पापडांची भर. गोधड्या तीनच, पण मी त्या जरा घट्ट दाखवल्या.

चैत्र वद्य सप्तमी. सकाळी.

उत्तरेचं निराळंच. द्वादशीला शाळा तपासायला सरकारी डिपोटी येणार, परीक्षा घेणार. हरिहर म्हणतो, पोरीला चौथी झाली की पुरे, मात्र डिपोटींनी चांगला शेरा दिला तर पुढचं बघू. तेव्हापासून ती भूगोल घोकत बसते. काल मी हाक मारली तर म्हणाली, थांब, मी गोदावरीच्या उगमाशी आहे. मी म्हटलं, तिथून उठ आणि भाताचं आधण बघ.

तिचे त्र्यंबक मास्तर सकाळच्या शाळेतही पेंगतात. उत्तराच सांगते, पागोटं आधी पुढे येतं, मग मागे जातं, मुली पैज लावतात. डिपोटी म्हणजे तरी काय, शेला पांघरलेला पाहुणा. वर्षातनं एकदा येतो, पोहे खातो, गंगेचा उगम विचारतो आणि जातो. गंगेला ठाऊक आहे ती कुठून निघते. त्याला ह्या वयात कळलं नाही त्याला आपण काय करणार.

हे सगळं लिहिताना उत्तरा खुदखुदत होती. नियम दोनची आठवण दिली.

चैत्र वद्य अष्टमी. दुपारी.

ताप नाही. सांडगे.

सून, म्हणजे लक्ष्मी, आज माजघरातून चौथी गोधडी घेऊन आली. माझ्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, सासूबाई, हिलाही ऊन दाखवायचं राहिलंय. भोळी आहे बिचारी. तिला काही कळत नाही ते एका परीनं बरंच.

तुळशीची पानं पिवळी पडतायत. यंदा ऊन कडक.

चैत्र वद्य नवमी. सकाळी.

तब्येत एकदम फस्क्लास. हरिहर म्हणाला, आई, कोयनेल तुला मानवलं. मी म्हटलं, डाक्तर हुशार आहे. आई होऊन लेकाचं मन मोडू नये.

चैत्र वद्य दशमी. दुपारी.

बाळकुमचा धाकू आपली बैलगाडी दाखवायला घेऊन आला. पूर्वी मिठागरावर होता, आता भाड्यानं गाडी हाकतो. बैल सोडून आंब्याला बांधले. मी म्हटलं, बसून बघते, गुडघ्यांना कशी पडते. चढून बसले. ताप नव्हताच, पण उन्हातून सावलीत आले की असं व्हायचंच. धाकू पान जुळवत उभा होता. चाकाकडे बघितलं, बैलांकडे बघितलं. म्हणाला, आजे, बैल आजून जुपलं नाय, गाडी हालतेय कशी.

मी म्हटलं, तुझी गाडी सैल आहे, खिळे ठोकून आण.

खिळे बघतो म्हणाला, पण जाताना लक्ष्मीशी काहीतरी बोलला. दोघं हसली. गाडीबद्दल असेल.

चैत्र वद्य एकादशी. सकाळी.

उपास. कोयनेल उपासाला चालतं का, हे हरिहरला विचारलं. चालतं म्हणाला. त्याला धर्मातलं काय कळतं. तुळशीला एकादशी नसते, तिला घातलं.

बांधाबांध पुरी झाली. दशम्यांचं पीठ, गूळपापडी, कुंडात उतरायला जुनं लुगडं, रखमाबाईला दाखवायला नवं. उत्तराही येणार. तिथं गेल्यावर रोजनिशी कोण लिहील मग. ती म्हणाली, उद्या परीक्षेत नापास झाले तर मी कुठेच येणार नाही. मी म्हटलं, नापास कशी होशील. पंधरवडा होत आला, रोज माझं ऐकून लिहितेस, माझ्याइतकं भरभर डिपोटीच्या बापालाही बोलता यायचं नाही.

तुळशीच्या आता काड्या राहिल्या. लक्ष्मी म्हणाली, कीड असेल. मी म्हटलं, असेल.

चैत्र वद्य द्वादशी. सकाळी.

उत्तरा परीक्षेला निघाली, दही हातावर घातलं. हे घाईघाईत लिहून घेतेय. आजचा दिवस काढला की जिंकलं. वाळवण घालायला घरात आता काही उरलेलं नाही. लक्ष्मीकडून चिंच मागून घेतली, ती वाळत घालीन. उत्तरा वही पिशवीत घालतेय. बरं आहे, घरात राहण्यापेक्षा शाळेत सुरक्षित.

त्याच दिवशी. दिवेलागणीला.

सांगायचं नव्हतं, पण नियम एक माझाच.

उत्तरा श्रुतलेखनात पहिली आली. डिपोटी मजकूर सांगत गेले, बाकीच्या मुली दोन ओळी मागे राहिल्या. ही पुढे जाऊन थांबायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. डिपोटींनी विचारलं, एवढा सराव कुणी करून घेतला. ही म्हणाली, आमच्या आजीनं, ती दात वाजवत सांगते, तुमचं त्यामानानं सोपं गेलं. ते म्हणाले, घरी काय लिहितेस ते दाखव.

हिनं वही दाखवली.

मी विचारलं, का दाखवलीस. म्हणाली, माझं सगळ्यात चांगलं अक्षर त्यातच आहे. मी म्हटलं, नियम दोनचं काय. म्हणाली, मी नाही वाचली, डिपोटींनी वाचली.

मोठ्यानं वाचली. सगळ्या वर्गासमोर. गोधड्या वाचल्या. कुरडया वाचल्या. शेला पांघरलेल्या पाहुण्यापाशी आले तेव्हा जरा थांबले, शेला सारखा केला आणि पुढे वाचत गेले. त्र्यंबक मास्तरांचं पागोटं आलं तेव्हा मास्तर जागे होते, हे त्यांचं दुर्दैव. गंगेचा उगम डिपोटींनी मग कुणालाच विचारला नाही.

इथवर ठीक होतं. शाळा सुटल्यावर डिपोटी कचेरीत चहाला गेले. हरिहरला म्हणाले, मातोश्रींची तब्येत कशी आहे, आणि तुळशीची.

हरिहर भर दुपारीच घरी आला. मी चिंच राखत होते, चार गोधड्यांत. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. समोर पाटावर बसला, माझा ताप उतरेपर्यंत बसून राहिला, कावळे हाकलले. मग म्हणाला, आई, मी तुला नेणार होतो गं. रजा मंजूर झाली होती.

मी चारही गोधड्यांच्या घड्या घातल्या.

लक्ष्मीला म्हटलं, तुला ठाऊक होतं तर. म्हणाली, सासूबाई, चौथी गोधडी कुणी दिली.

चैत्र वद्य त्रयोदशी. सकाळी.

धाकू खिळे ठोकून गाडी घेऊन आला. परत कशी पाठवायची. रखमाबाई ओट्यावर उभीच होती, तिची ठरलेली गाडी म्हणे ऐनवेळी फिरली. माझ्या गाडीत बसली. लक्ष्मीनं माझ्या दशम्या आणि गूळपापडी तिच्या हवाली केली, नासायला नकोत म्हणून. जाताना रखमाबाई म्हणाली, तुमच्या नावानं एक बुडी जास्त मारीन. मी म्हटलं, जपून, बाहेर काढायला तिथं हरिहर नाही.

धाकू म्हणाला, आजे, आज गाडी बघ कशी गप उभी हाय.

हरिहरनं वाटी आणली. समोर उभा राहिला. प्याले. तुळशीनं इतके दिवस तक्रार केली नाही, थोर आहे ती.

चैत्र वद्य चतुर्दशी. दुपारी.

कोयनेल. ताप आला, थोडा. लपवायचा नसला की तापात काही राम राहत नाही. अंथरुणात पडून काय करायचं, कावळेसुद्धा नाहीत.

चैत्र अमावास्या.

कोयनेल. त्यानं कानांत शाळेची घंटा वाजतेय.

वैशाख शुद्ध तृतीया. सकाळी.

नवी वही. डिपोटींनी उत्तरेला बक्षीस दिली, कोरी, जाड कागदाची. शेराही चांगला दिला, ती पाचवीला जाणार. हरिहर म्हणाला, आजीचा ताप फुकट गेला नाही. जुनी वही भरली, पण ती घरी थांबत नाही. सध्या रखमाबाईच्या सुनेकडे आहे, ती वाचून दाखवते आणि चार घरच्या बायका ऐकायला जातात. मला बोलावलेलं नाही.

रखमाबाई काल आली. जिना चढली, वरून हाक मारली, मग खाली उतरून माझ्यासाठी आणलेला तांब्या दिला. वज्रेश्वरीच्या कुंडाचं पाणी, तोंडाला फडकं बांधून, सबंध वाट मांडीवर धरून आणलं म्हणाली. तांब्या गार लागत होता. मी म्हटलं, हे तर आमच्या विहिरीसारखं झालंय. ती म्हणाली, बाळकुमापर्यंत कोमट होतं हो. एवढं म्हणून डोळे पुसले तिनं. मग मी तांब्या मांडीवर घेतला.

लक्ष्मीनं बंबात तापवून दिलं. गुडघ्यांवर घेतलं. तीन तांबे विहिरीचे घातले त्यात, पुरेनासं झालं म्हणून.

नवी वही, नियम तेच दोन. उत्तरा म्हणाली, बरं.

तेव्हा आता खरं काय ते सांगून टाकते. चतुर्दशीनंतर ताप आलेला नाही. सगळ्यांना मी सांगितलंय की हा देवीच्या पाण्याचा गुण, आणि रखमाबाईला ते फार आवडलंय. पण पाणी काल आलं, ताप त्याआधीच गेला होता. गेला तो कोयनेलानं. तुळशीलाही खालून दोन हिरवी पानं फुटलीत, तिचं कोयनेल सुटलं म्हणून. ही गोष्ट डाक्तरला, हरिहरला, लक्ष्मीला आणि रखमाबाईला कधीही कळता कामा नये, म्हणून इथं वहीत लिहून ठेवली.