दुपारचा अंदाज

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! टेकडीवरचं हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्यांचं घर, मागे न्हाणी, पुढे अंगण आणि अंगणात माझी सगळी नवी लेकरं: पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, वाऱ्याच्या जोराने गरगरणाऱ्या वाट्या. स्वयंपाकाच्या खोलीतून घाटरस्ता शेवटच्या वळणापर्यंत दिसतो. ही आली की दिवसभर त्याच खिडकीत बसणार, हे आत्ताच लिहून ठेवतो. सध्या ती भावाकडे आहे. दिवस भरत आलेत, तरी बाळाचा बाप जिथे तिथेच मी राहणार असा हट्ट धरून बसलीय. शनिवारी मेव्हणा तिला घेऊन येईल. तोवर घर लावून टाकायचं.

माझ्या आधीचे निरीक्षक कामाचा ताबा द्यायला थांबले होते. फारच अबोल गृहस्थ. प्रत्येक गोष्ट खुणेने दाखवली. जाताना टेलिफोनकडे बोट दाखवून तेच बोट ओठांवर ठेवलं. घसा बसला असावा. मी आपला एकटाच बडबडत होतो, नेहमीसारखा.

काम सोपं आहे. सकाळी नोंदी कळवायच्या. दुपारी मुख्य कार्यालयातून फोन येतो आणि आपल्या विभागाचा अंदाज सांगतात. एकेक वाक्य आपण जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं, पलीकडून ‘बरोबर’ आलं की फाटकावरच्या फळ्यावर लिहायचं. परत वाचून दाखवल्याशिवाय अंदाज लागू होत नाही, हा आमच्या खात्याचा जुना नियम. मी नोकरीला लागल्यापासून हेच करत आलोय. आता तर घरातही ही म्हणाली ‘कांदे आणा’, की मी म्हणतो ‘कांदे आणा’. ही कपाळाला हात लावते.

४ तारीख, मंगळवार

पहिला अंदाज आला. टेकडी भागात जोरदार वारे, येत्या दिवसांत मेघगर्जनेसह वादळ. सांगणारा माणूस भलताच रुक्ष. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. मी परत वाचून दाखवलं, तर ‘बरोबर’ म्हणायचीही तसदी घेतली नाही. नुसता गप्प राहिला आणि फोन ठेवला.

फळ्यावर लिहून खडू खाली ठेवला तोच वारा सुटला. वाट्या अशा फिरायला लागल्या की आता सुटून अंगावर येतात असं वाटलं. फाटकावरचे पहारेकरी मामा संध्याकाळी बाजारातून आले. म्हणाले, साहेब, खाली तर पानसुद्धा हलत नाही. मी म्हटलं, उंचावर असंच असतं मामा. मामा फाटकाकडे निघून गेले.

५ तारीख, बुधवार

आजचा अंदाज ऐकून मला हसूच आलं. वाऱ्याने फाटकाजवळच्या पडवीचा पत्रा उडेल. अंगणामागचं झाड घराच्या विरुद्ध बाजूला पडेल. खात्याने इतकं बारीक काम कधीपासून सुरू केलं? मी मुद्दाम साहेबी आवाजात परत वाचून दाखवलं.

चहा गाळत होतो, तेव्हा पत्रा गेला. कप हातात घेऊन बाहेर आलो आणि माझ्या डोळ्यांदेखत झाड आडवं झालं, घराच्या विरुद्ध बाजूला.

आधी वाटलं, वा, याला म्हणतात अंदाज! चहा संपेपर्यंत ते कौतुक ओसरलं. पत्र्याचं एक वेळ समजू शकतं. पण टेकडीवर एक झाड आहे, हे मुख्य कार्यालयाला कुणी सांगितलं?

६ तारीख, गुरुवार

अक्षर लागणार नाही, घाईत लिहितोय.

अंदाज असा होता: गडगडाट होईल, वाऱ्याने दार आपटेल, त्यात पहारेकऱ्याचा उजवा हात सापडेल.

आणि मी परत वाचून दाखवलं. समजायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपली आपण चालते. फोन ठेवल्यावर अर्थ कळला. मामांना हाक मारत धावलो, तर ते माझी हाक ऐकून दारातच येत होते. आभाळ गडगडलं आणि —

बोटं वाचतील असं वाटत नाही. दूधवाल्याच्या गाडीतून त्यांना खाली पाठवलं. जाताना एवढंच म्हणाले, की आधीचे साहेबही असेच बोलून बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ दरीत गेला. तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं नाही. म्हणाले, मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं साहेब, पण तुम्ही हसला असता.

हसलो असतो, खरं आहे.

७ तारीख, शुक्रवार

मोबाइलला वळणाजवळच रेंज मिळते. तिथे जाऊन मुख्य कार्यालयाला फोन लावला. साहेब उखडले. म्हणाले, सोमवारपासून तुमचा फोन लागत नाही, आम्ही अंदाज सांगणार कुणाला? आणि कसलं वादळ? अख्ख्या विभागात आभाळ निरभ्र आहे.

परत येताना टेलिफोनच्या तारेवर नजर ठेवून चाललो. पडलेल्या झाडाच्या मागे खांब आहे. तार तिथेच संपते. टोक गंजलेलं आहे, आजकालचं तुटलेलं नव्हे.

घरात पाय ठेवला आणि फोन वाजला. उचलायचा नाही असं ठरवलं. तो वाजतच राहिला, खिडकीच्या काचांना तडे जायला लागले, तेव्हा उचलला. दात घट्ट आवळून ऐकलं.

शनिवारी दुपारी. घाटाच्या शेवटच्या वळणावर. गरोदर स्त्री. वाऱ्याने —

पुढचं मी लिहिणार नाही. मी परत वाचून दाखवलं नाही. एक अक्षरही नाही. तो थांबलाय. फोन ठेवत नाही.

पुन्हा वळणापर्यंत पळत गेलो. हिचा फोन बंद. मेव्हण्याचा बंद. दोघं वाटेत मुक्काम करणार होते, कुठे ते मी विचारलंच नव्हतं. खाली उतरून गाठावं म्हणून निघालो, पण वाऱ्याने मला उचलून अंगणात आणून टाकलं. दोनदा. गुडघे फुटलेत.

फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वर येऊ नका. फळा उडाला.

८ तारीख, शनिवार

टेलिफोन तोडला. तरी आवाज येतोय. तेच वाक्य. मग शांतता. माझी वाट बघतो. मग तेच वाक्य.

तोंडाला फडकं बांधलंय. जीभ आतल्या आत हलते. मी हलवत नाही —

घोटभर पाणी प्यायला फडकं सोडलं. फक्त तेवढ्यासाठी. आणि तोंडातून निघालं: शनिवारी दुपारी. घाटाच्या शेवटच्या —

तोंडावर हात दाबला. पण तेवढं गेलं. तेवढं लागू झालं.

बाण फिरला. वळणाकडे धूळ उठलीय.

देवा, ती आली. गाडी खाली अडली असणार, चालत येतेय. मेव्हणा मागे, सामान घेऊन. वारा तिला कड्याकडे ढकलतोय. तिने दगड धरलाय. एक हात पोटावर —

आवाज थांबलाय. उरलेलं वाक्य त्याला माझ्या तोंडून हवंय.

आजवर मी एकही वाक्य चुकीचं वाचलेलं नाही. आज वाचणार.

वाचलं. मोठ्याने. शनिवारी दुपारी. घाटाच्या शेवटच्या वळणावर वारा पडेल. टेकडीवरच्या घरात, एक माणूस. वाऱ्याने —

पुढचं सगळं त्याचंच. फक्त माणूस बदलला.

मग तो पहिल्यांदाच म्हणाला: बरोबर.

वळणावर धूळ बसली. ती उभी राहिली. केस सारखे करतेय. हसतेयसुद्धा बहुतेक, इतक्या लांबून नीट —

बाण घराकडे वळला.

छपराचे खिळे निघताहेत. एकेक करून.

ती चालायला लागली. नको. तिथेच थांब. मेव्हण्या, तिला धर —

कडी लावली. टेबल दाराला लावलं. भिंत —

हाक मारतेय. ऐकू येतंय स्पष्ट. ओ देऊ नकोस. ओ दिलीस तर ती धावत सुटेल. घर रिकामं आहे असं वाटू दे तिला. रागावू दे. पुन्हा हाक मारली. ओ देऊ नकोस, ओ देऊ न