आधी दोष, मग बेकविथ

१० जानेवारी, रविवार
निर्णय झाला. पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी माझा पाठिंबा गव्हर्नर बेकविथ यांना.

माणूस निर्दोष नाही. तीन लग्नं. डुकरांच्या अवाढव्य फार्मवाल्यांची देणगी. पण छोट्या गावांतली बंद पडलेली प्रसूतिगृहं पुन्हा उघडू, असं म्हणणारा हा एकटाच. आमच्या गावातलं गेल्या वर्षी बंद झालं. ताईला, म्हणजे सिग्नेला, मार्च उजाडला की बाळ होणार. आता हॉस्पिटल तासाभरापेक्षा लांब. त्यात बर्फ.

सिनेटर हेडलीबाई निष्कलंक आहेत. प्रसूतिगृहाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आज शांत झोप लागेल.

११ जानेवारी
लागली नाही. तिसरं लग्न.

१६ जानेवारी, शनिवार
बेकविथच्या प्रचार ऑफिसात नाव दिलं. पूर्वी तिथे बुटांचं दुकान होतं, अजून वास येतो. ऑफिस सांभाळणारा डेझ शिकागोचा. त्याने दारोदार वाचून दाखवायला एक कागद दिला. त्यात नुसते गुण!

आईने आम्हा दोघींना शाळेत न घालता स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. अर्धं सांगितलेलं खरं म्हणजे नटवलेलं खोटं, हे तिथलंच. म्हणून ठरवलं: आधी दोष, मग बेकविथ. लोक प्रामाणिकपणाला भुकेले आहेत.

१७ जानेवारी
पहिलं दार मिसेस टॉर्गर्सन. त्यांच्या अंगणात बेकविथची पाटी आधीपासूनच होती, म्हणजे सोपं काम. डुकरांचं सांगितलं. त्यांनी नवऱ्याला आतून बोलावलं, "अहो, इकडे या, ही काय म्हणते ऐका!" लग्नांचं दोघांनी मिळून ऐकलं. मग कॉफी, लिंबाच्या वड्या. पुन्हा ये म्हणाल्या.

संध्याकाळी पाटी दिसली नाही. वारा होता.

२३ जानेवारी
अख्खी गल्ली संपवली. सगळे मन लावून ऐकतात. डेझने विचारलं, "बेरीट, दारात उभी राहून तू नेमकं सांगतेस तरी काय?" म्हटलं, सगळं. तो खाली बसला. भारावला असावा.

जेवताना बाबा म्हणाले, "तू हेडलीचं काम घे. बेकविथ आरामात निवडून येईल." बाबांना राजकारण कळत नाही.

२६ जानेवारी
सिग्नेने आपणहून विचारलं, "तो खरंच प्रसूतिगृह उघडेल का गं?" मी म्हटलं, म्हणाला तर आहे. पण स्वतःच्या राज्यात पूल बांधतो म्हणाला होता, तो नदीच्या मध्यापर्यंतच आहे. लपवायचं कशाला?

तिने पोटावर हात ठेवला आणि कोट चढवला. पटलं तिला.

२ फेब्रुवारी, मंगळवार
काल शाळेच्या जिममध्ये उमेदवार निवडायची सभा. आमच्याकडे मत चिठ्ठीवर नसतं. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्यांसमोर उभं राहायचं. माणसं कमी पडली तर तो कोपरा बाद. मग दुसरीकडे जा, नाहीतर घरी.

आमच्या कोपऱ्याची प्रमुख मी. दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणजे विश्वास. बास्केटबॉलच्या जाळीखाली डोकी मोजली. एक कमी.

समोर हेडलीच्या कोपऱ्यातून मिसेस टॉर्गर्सन वड्यांचा डबा हलवत होत्या. त्यांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर सिग्ने.

धावत गेले. "सिग्ने, अगं, प्रसूतिगृह!"
"पूल अर्धाच आहे. तूच म्हणालीस."
"पण हेडली तर त्यावर काहीच बोलत नाहीत!"
"म्हणजे खोटं तरी बोलत नाहीत. आणि इथे बसायला खुर्ची दिली."

कोपरे बदलायला वेळ होता. त्याआधी प्रत्येक प्रमुखाला दोन शब्द. मी उभी राहिले. सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नव्हता. डुकरांपर्यंत पोचले तेव्हा आमच्यातलं एक जोडपं निघालं. पुलापाशी बाकीचे.

जाळीखाली मी एकटी. सभेचे अध्यक्ष मिस्टर लिंडाल मायेने म्हणाले, "पोरी, आता तूही कुठेतरी जा." दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. तेवढ्यात वेळ संपला. माझी मोजणी कुठेच झाली नाही.

मन स्वच्छ आहे. एक कमी होता. एकच.

४ फेब्रुवारी
बेकविथ यांनी माघार घेतली. टीव्हीवर आपल्या चुका कबूल केल्या. दोन राहिल्या होत्या, त्या त्यांना ईमेलने कळवल्या.

प्रसूतिगृहाबद्दल आता कोणीच बोलत नाही.

सिग्ने घरी आली. म्हणाली, "वेळ येईल तेव्हा हॉस्पिटलला गाडी तू ने. तू घाई करणारी नाहीस." लगेच हो म्हटलं. मग ब्रेकचं सांगितलं, डाव्या दिव्याचं सांगितलं, आणि बर्फात मी आजवर दोनदा चालवली आहे, दोन्ही वेळा खड्ड्यात, तेही.

गाडी बाबा चालवणार आहेत. मी मागे बसायचं, बर्फ उपसायचं फावडं धरून. गप्प.