नळ सोडून बोलायचं

सोमवार, ४
पोचले एकदाची ताईच्या घरी. मी बूड टेकते न टेकते तोच ताईनं चहा पुढ्यात ठेवला आणि स्वतःची बॅग उचलली. महिनाभर तोंड दाखवू नकोस, असा दम देऊनच तिला गाडीत बसवलं. तीन वर्षं आईचं सगळं एकटीनं केलंय तिनं, नुसता सापळा उरलाय. आता माझी पाळी. आईची खोली छान उजेडाची आहे. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली, पण डोळे तेच, लहानपणी मला धाकात ठेवणारे. ताईचा एकच कडक नियम: आईसमोर वैतागाचा शब्द काढायचा नाही. बोलायचं, रडायचं ते न्हाणीघरात, नळ सोडून. मला हसू आलं. माझ्याच आईचा मला कसला वैताग येणार?

गुरुवार, ७
अंथरूण बदलणं, कूस बदलणं, गाळून गाळून भरवणं. चादरी वाळत घालायला दोरी पुरत नाही. भावोजी सकाळी कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात आणि दारातूनच आईची चौकशी करतात. झालं त्यांचं कर्तव्य. आज आईनं भरवलेलं सगळं माझ्या अंगावर थुंकलं, दोनदा. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. ताई शहाणी आहे.

मंगळवार, १२
आई बोलली. दुपारी तिच्या केसांतून फणी फिरवत होते. आनंदानं मला रडूच फुटलं. मग शब्द कळले. माझं सगळं आयुष्य हिच्या उशाशी गेलं, असं म्हणाली. आवाज ताईचा होता.
ताईला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, अजून माझ्याच आवाजात बोलते ना? तू निघून ये, असं म्हणाली नाही. मी येते, असंही नाही.

शुक्रवार, १५
आज माझ्या आवाजात. काल न्हाणीघरात बोललेलं, जसंच्या तसं. नळ पुरता सोडला होता मी. भावोजी नेमके दारात. त्यांना वाटलं मीच बोलतेय. आजारी माणसाला असं टाकून बोलू नये, म्हणाले. काय सांगणार त्यांना, कपाळ?

रविवार, १७
आता नुसतं मनात आलेलंही — सुटेल एकदाची, हे मी बोलले नव्हते. नळाखालीसुद्धा नाही. बोलताना आईचे डोळे भरले होते. तिला सगळं ऐकू येतं, तिच्याच तोंडून. मी तिचे पाय धरले. माझी माया आहे गं तुझ्यावर, म्हटलं. हे मात्र ती परत बोलत नाही.

मंगळवार, १९
झोप नाही. बॅग भरली. पण हिला एकटीला टाकून — ताईचा फोन बंद. आई आता माझ्या आधीच बोलते. तहान लागली म्हणते, मग मला लागते. पाठ गेली म्हणते, मग चमक भरते. आधी ती. मग मी.

बुधवार
भर दुपार. भावोजी कामावर. पलंगाशी बसून लिहितेय, डोक्यात दुसरं काही येऊ नये म्हणून. चादरी भिजवायच्या. साबण संपलाय —
बोलतेय. माझ्याच आवाजात. शांतपणे, फोनवर सांगावं तसं. भावोजी, जमलं तर लवकर या, म्हणतेय. आई गेली. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही तिला.
आई माझ्याकडे बघतेय. श्वास चालू आहे तिचा. मी तर अजून काही —